लाकडी जमिनीवर लॅमिनेट: खालची पक्की, वरची मोकळी

लॅमिनेटची जमीन तरंगती असते. फळ्या एकमेकींत अडकवायच्या, पण खालच्या जमिनीला ना खिळ्यांनी ठोकायच्या, ना स्क्रूने आवळायच्या, ना गोंदाने चिकटवायच्या. खोलीभर मिळून त्यांचा एकच मोठा तक्ता होतो आणि तो पातळ अंडरलेवर, म्हणजे फळ्यांखाली अंथरलेल्या थरावर, नुसता टेकलेला राहतो. फळीचा गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेला असतो. हवेत दमटपणा वाढला की तो फुगतो, हवा कोरडी झाली की आकसतो.

म्हणून सगळं काम दोन गोष्टींवर उभं आहे. खालची लाकडी जमीन हलता कामा नये आणि वरची लॅमिनेटची जमीन कुठे अडता कामा नये. फळ्या मधोमध तंबूसारख्या उचलल्या जाणं, सांधे उघडणं, चालताना कटकट वाजणं या बहुतेक तक्रारींचं मूळ शोधायला गेलं की या दोनांपैकी एक चुकलेलं सापडतं. फळ्या जोडणं हा त्यातला सोपा भाग आहे. अर्ध्याहून जास्त वेळ खालच्या जमिनीला द्यावा लागतो आणि तो द्यावाच.

खालची जमीन तपासताना

आधी जुनं आवरण काढा. गालिचा असेल तर कडेच्या खिळेपट्ट्या आणि स्टेपलच्या पिना एकेक उपटा. एखादी पिन राहिली तरी ती अंडरले फाडते आणि फळीखाली टिकटिकत राहते. जुन्या व्हिनाइल टाइल्स किंवा त्यांच्याखालचा काळा गोंद १९८० च्या आधीचा असेल, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. तो घासू नका, तासू नका. आधी तपासून घ्या. जुन्या रंगात शिसं असण्याचीही शक्यता असते, म्हणून रंगवलेल्या फळ्या कोरड्या घासण्याआधी तेही पाहा.

मग पटाशी किंवा जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन फळ्यांमध्ये टोक खुपसत फिरा. चांगल्या लाकडात टोक लगेच अडतं, कुजलेल्या लाकडात ते लोण्यात गेल्यासारखं आत जातं. भिंतीलगत, खिडकीखाली, न्हाणीघराच्या बाजूला आणि नळाच्या पाइपाभोवती जास्त बारकाईने पाहा, कारण पाणी तिथेच मुरतं. वाळवीने पोखरलेली फळी वरून धडधाकट दिसते, पण हातोडीच्या दांड्याने ठोकली की पोकळ वाजते. अशी फळी झाकून टाकू नका. ती काढून खालची तुळई पाहा, ओल कुठून येते ते शोधा आणि दुरुस्ती करूनच पुढे जा. लॅमिनेटखाली गेलेली ओल पुन्हा नजरेला पडते ती नुकसान झाल्यावरच.

खोलीच्या मध्यावर उभं राहून टाचांवर जोर देऊन दोन-तीनदा उतरा. कपाटातली भांडी खणखणली किंवा पायाखाली झोका जाणवला, तर तुळया बारीक आहेत, त्यांच्यातलं अंतर जास्त आहे किंवा एखादी सुटली आहे. हा झोका लॅमिनेटने कमी होत नाही. प्रत्येक पावलाला सांधे वाकतात आणि वर्ष-दोन वर्षांत फळ्यांना एकमेकींत अडकवणारं काठाचं कुलूप तुटतं. आधी तुळयांना आधार द्या.

लाकडातली ओल मोजायला दोन टोकांचा मॉइश्चर मीटर लागतो. खोलीत दहा-बारा ठिकाणी टोचून पाहा. बहुतेक कंपन्या लाकडी जमिनीसाठी १२ टक्क्यांची मर्यादा देतात. आकडा त्याहून वर असेल तर काम थांबवा, खिडक्या उघडा, कारण शोधा. नुकतंच प्लॅस्टर किंवा रंगकाम झालेल्या खोलीत तर मोजल्याशिवाय सुरुवातच करू नका.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती चुकीची करणारे खूप आहेत. काँक्रीटवर लॅमिनेट घालताना आधी ०.२ मिमी जाडीचं प्लॅस्टिक अंथरतात, कारण काँक्रीट खालून ओल वर सोडत राहतं. तीच सवय लाकडी जमिनीवर नेऊ नका. तुळयांखाली पोकळी असलेल्या जमिनीत खालून येणारी दमट हवा फळ्यांमधून थोडी थोडी वर जाते आणि लाकूड कोरडं राहतं. वरून प्लॅस्टिकने तोंड बंद केलं की ती ओल फळ्या आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये अडकते. वरचं लॅमिनेट छान दिसतं आणि खालच्या फळ्या कुजत जातात. पोकळीतल्या मातीतून ओल येत असेल तर प्लॅस्टिक खाली, मातीवर अंथरायचं आणि पोकळीचे झरोके उघडे आहेत ना, पालापाचोळ्याने किंवा रंगकामात बुजले नाहीत ना, ते पाहायचं. वरच्या मजल्यावर, खाली राहती खोली असेल, तर प्लॅस्टिकची गरजच नसते.

करकरणाऱ्या फळ्या

खोलीभर हळू चाला आणि जिथे करकर येते तिथे खडूने फुली मारा. आवाज बहुधा दोन कारणांनी येतो. एक तर फळी तुळईवरून सुटून खिळ्यावर वरखाली होते, नाहीतर शेजारच्या दोन फळ्या एकमेकींना घासतात. दोन्हींवर उपाय एकच, फळी तुळईला स्क्रूने ओढून घ्यायची. तुळया कुठे आहेत ते जुन्या खिळ्यांच्या रांगांवरून कळतं.

२० मिमी जाडीच्या फळीला ४.५ × ५० मिमी स्क्रू योग्य. जुनं लाकूड फाटू नये म्हणून आधी ३ मिमीचं भोक पाडा. प्रत्येक फळीला प्रत्येक तुळईवर दोन स्क्रू, काठापासून २०–२५ मिमी आत. प्लायवुड किंवा ओएसबीची (लाकडाचे चपटे तुकडे दाबून केलेल्या बोर्डांची) जमीन असेल तर तुळईच्या रेषेत दर १५–२० सेंमीवर एक. डोकं पृष्ठभागाच्या जरा खाली गेलं पाहिजे. पण ड्रिल हातात घेण्याआधी खालून विजेच्या तारा आणि पाण्याचे पाइप कुठून जातात ते शोधा. ते अनेकदा तुळयांच्या वरच्या काठात खाच पाडून, फळीच्या अगदी खालून नेलेले असतात. अशा जागी ५० मिमीचा स्क्रू नेमका पाइपात जातो.

खिळ्यांची वर आलेली डोकी सुंभ्याने आत ठोका. नव्या स्क्रूचा जोर बसल्यावर जुना खिळा थोडा वर येतो, म्हणून हे स्क्रू मारून झाल्यावर पुन्हा एकदा करावं लागतं.

सपाटी

जमीन पाणसळीत नसली तरी चालते, सपाट मात्र हवीच. संपूर्ण खोली एका बाजूला थोडी उतरती असेल तर लॅमिनेटला काही फरक पडत नाही. खड्डे आणि उंचवटे त्याला सहन होत नाहीत. दोन मीटर लांबीची सरळ धातूची पट्टी जमिनीवर ठेवून सगळ्या दिशांना फिरवा. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे काम आहे. खोलगट भागाभोवती पेन्सिलने रेघ मारा, उंचवट्यावर फुली.

उंचवटे रंध्याने किंवा सँडरने उतरवा. त्याआधी खिळे पुन्हा तपासा, रंध्याच्या पात्याला एकच खिळा पुरतो. खड्डा भरताना साध्या सिमेंटची लेव्हलिंग पावडर वापरू नका. लाकूड थोडं लवतं, सिमेंट लवत नाही, मग ते तडकतं आणि लॅमिनेटखाली रेतीसारखं चुरचुरतं. लाकडासाठी असलेली, तंतू मिसळलेली लवचीक लेव्हलर मिळते, तीच घ्या. आधी कंपनीने सांगितलेला प्रायमर लावा आणि फळ्यांमधल्या फटी बुजवा, कारण पातळ मिश्रण फटींमधून सरळ खाली उतरतं. खड्डा भरायला अंडरलेचे दोन थर घालणं हा मार्ग नाही. ते काही दिवस बरं वाटतं, मग फोम दबतो आणि सांधा तुटतो.

जुन्या अरुंद फळ्यांची जमीन असेल आणि प्रत्येक फळी आडवी वाकून पन्हळीसारखी झाली असेल, तर एकेक फळी तासत बसण्यापेक्षा वर ६ मिमी प्लायवुड टाकणं शहाणपणाचं. पन्हळीची लय लॅमिनेटमधून पायाला जाणवते आणि तासून ती पूर्ण जात नाही. प्लायवुडच्या शीटांचे सांधे विटांसारखे पुढेमागे ठेवा, चार शीटांचे कोपरे एका जागी येऊ देऊ नका. शीटांमध्ये २–३ मिमी आणि भिंतीशी १० मिमी जागा सोडा. २५ मिमी स्क्रू काठाने दर १० सेंमीवर आणि मधल्या भागात दर १५ सेंमीवर मारा. ६ मिमी प्लायवुड आणि २० मिमी फळी मिळून २६ मिमी होतात, म्हणजे हा स्क्रू खालून बाहेर येत नाही.

माल किती आणि कोणता

घरातल्या खोल्यांसाठी ८ मिमी जाडी पुरेशी आहे. लाकडी जमिनीवर १० किंवा १२ मिमी घेतलं तर पाय टेकताना भरीव वाटतं आणि बारीक उणीव झाकली जाते, पण खड्डा ठेवायची मुभा त्यानेही मिळत नाही. झिजेची प्रत युरोपीय मानक ईएन १३३२९ नुसार एसी१ पासून पुढे चढत जाते. राहत्या घराला एसी३ चालतं. बाहेरून थेट पाय येणारी जागा, जिना उतरतो ती खोली, स्वयंपाकघर अशा ठिकाणी एसी४ घ्या.

हिशेबासाठी एक खोली समोर ठेवू: ४.२ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद. क्षेत्रफळ १५.१२ चौरस मीटर. कापण्यात वाया जाणाऱ्यासाठी १० टक्के धरले की १६.६३. फळी १३८० × १९३ मिमी आणि खोक्यात ८ फळ्या असतील तर एका खोक्यात २.१३ चौरस मीटर माल येतो, म्हणजे ८ खोकी. तिरप्या मांडणीला १५ टक्के जास्त धरा. सगळी खोकी एकाच बॅचची आहेत ना ते घेतानाच पाहा. वेगळ्या बॅचचा रंग जवळून सारखा वाटतो आणि खिडकीच्या उजेडात वेगळा दिसतो.

खोकी न उघडता, आडवी, भिंतीपासून थोडी दूर, जिथे बसवायची त्याच खोलीत ४८ तास ठेवा. उभी टेकवून ठेवली तर फळ्या वाकतात. खोलीचं तापमान १८ अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असावी. ही पायरी गाळून बसवलेल्या फळ्या पुढच्या आठवड्यात जमिनीवरच फुगतात किंवा आकसतात.

हत्यारांत मोजपट्टी, गुण्या, पेन्सिल, खडूची दोरी, जिगसॉ किंवा बारीक दातांची करवत, ठोकायचा ठोकळा, शेवटच्या रांगेसाठी लोखंडी ओढपट्टी, रबरी हातोडा आणि दोन-तीन डझन पाचरी एवढं पुरतं. जिगसॉचं साधं पातं वर येताना कापतं, म्हणून त्यावर फळी नक्षीची बाजू खाली ठेवून कापा, नाहीतर काठाचे टवके उडतात. हातकरवतीने कापताना नक्षी वर. एचडीएफची धूळ बारीक आणि त्रासदायक असते. शक्यतो बाहेर कापा, मास्क आणि चष्मा लावा.

अंडरले

२ ते ३ मिमीचा फोम किंवा कॉर्क पुरेसा आहे. लाकडाच्या तंतूंचे ५ मिमीचे बोर्डही मिळतात. ते पायाला गरम लागतात, आवाज शोषतात आणि बारीक खाचखळगे सावरून घेतात, म्हणून जुन्या लाकडी जमिनीवर ते मनापासून सुचवावेसे वाटतात. जाड आणि मऊ गादीसारखं अंडरले पायाला छान लागतं, पण सांध्यांना मारक. फळीच्या पाठीला कारखान्यातच फोम चिकटवलेला असेल तर वेगळं अंडरले अजिबात घालू नका. चंदेरी पापुद्रा असलेली अंडरले बाष्प अडवतात, म्हणून पोकळीवरच्या लाकडी जमिनीसाठी ती टाळा.

जमीन व्हॅक्यूमने दोनदा साफ करा. पट्टे एकमेकांवर चढवू नका, काठाला काठ लावा आणि टेपने जोडा. एका दमात सगळी खोली अंथरण्यापेक्षा दोन-तीन रांगांपुरतं अंथरत गेलात तर ते पायाखाली फाटत नाही.

दिशा आणि पहिल्या रांगेचं गणित

जुन्या फळ्यांवर थेट बसवत असाल तर लॅमिनेट त्यांना आडवं, काटकोनात घ्या. समांतर घेतलं तर जुन्या फळीची हालचाल नव्या सांध्याच्या बरोबर खाली येते. वर प्लायवुड टाकलं असेल तर दिशा मोकळी. मग खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने लांबी ठेवली की सांधे कमी दिसतात.

भिंतीशी सगळीकडे १० मिमी जागा सोडायची. खोली मोठी असेल तर त्या दिशेच्या दर मीटर लांबीमागे प्रत्येक बाजूला दीड मिमी हा हिशेब धरा, म्हणजे ८ मीटरच्या खोलीत १२ मिमी. साधारण ८ ते १० मीटरच्या पुढे मध्ये टी आकाराची पट्टी देऊन जमीन तोडावी लागते. नेमकी मर्यादा खोक्यातल्या कागदावर असते. दोन खोल्यांमधल्या दारातही अशी तोड ठेवा, जरी सलग जमीन दिसायला देखणी असली तरी. एका खोलीची जमीन दुसरीला दाराच्या चिंचोळ्या जागेतून ओढते आणि तिथलाच सांधा उघडतो.

आता रांगा मोजा. आपल्या खोलीत रुंदी ३६०० मिमी, दोन बाजूंचे २० वजा केले की ३५८०. १९३ च्या १८ रांगांनी ३४७४ भरतात आणि शेवटच्या रांगेला १०६ मिमी उरतात. हे ठीक. पण खोली ३५२० मिमी रुंद असती तर शेवटी फक्त २६ मिमीची चिरफळी आली असती आणि ती कुलपात धरतच नाही. शेवटची रांग ५० मिमीपेक्षा अरुंद येणार असेल तर पहिली रांगच कापून घ्यायची. एक पूर्ण रांग आणि उरलेला तुकडा यांची बेरीज करून अर्धी करा: १९३ अधिक २६ म्हणजे २१९, त्याच्या निम्मे साधारण ११०. पहिली आणि शेवटची दोन्ही रांगा ११० मिमीच्या, मध्ये १७ पूर्ण.

लांबीचंही तसंच. ४२०० मधून २० गेले, उरले ४१८०. १३८० च्या तीन पूर्ण फळ्यांनी ४१४० भरतात आणि ४० मिमीचा निरुपयोगी तुकडा मागे राहतो. म्हणून पहिली रांग ९२० च्या तुकड्याने सुरू करा. मग दोन पूर्ण फळ्या आणि शेवटी ५००. दुसरी रांग ४६० ने, शेवटी ९६०. तिसरी ११०० ने, शेवटी ३२०. शेजारच्या दोन रांगांच्या टोकांचे सांधे एकमेकांपासून किमान ३०० मिमी दूर हवेत आणि कुठलाही तुकडा ३०० पेक्षा लहान नको. ही मांडणी दोन्ही अटी पाळते.

यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावाचून बराच माल वाया जातो. रांगेच्या शेवटच्या फळीचा कापून उरलेला तुकडा उजव्या टोकाचं कुलूप घेऊन उरतो, म्हणजे तो पुढच्या रांगेची सुरुवात करायला चालतो. पहिल्या रांगेच्या शेवटी ५०० लावल्यावर उरलेल्या ८८० मधून दुसऱ्या रांगेचे ४६० निघतात. पण पहिल्या रांगेच्या सुरुवातीला ९२० कापताना उरलेल्या ४६० ला डावं कुलूप असतं. तो फक्त रांगेच्या शेवटी, उजव्या भिंतीला चालतो. तिसऱ्या रांगेचे शेवटचे ३२० त्यातून काढा. कापण्याआधी कुठलं टोक ठेवायचं त्या टोकावर पेन्सिलने खूण करायची सवय लावा.

फळ्या बसवताना

सुरू करण्याआधी तीन-चार खोकी उघडून फळ्या मिसळा, म्हणजे सारखी नक्षी शेजारी येत नाही. कुलपात टवका उडालेली, कोपरा फुटलेली फळी बाजूला काढा. कापायच्या तुकड्यांसाठी ती चालेल.

पहिल्या रांगेची भिंतीकडची जीभ, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी काठाची पट्टी, पूर्ण कापून टाका. ती राहिली तर १० मिमी जागा भिंतीपासून नाही, जिभेपासून मोजली जाते. डावीकडून उजवीकडे जा आणि भिंतीशी दर ४०–५० सेंमीवर पाचर ठेवा. भिंत सरळ क्वचितच असते. पहिली रांग भिंतीच्या वळणाने बसवली तर ते वळण खोलीभर पुढे जातं आणि सांध्यांत केसासारख्या फटी पडत जातात. म्हणून खडूची सरळ रेघ मारा, रांग रेघेला लावा आणि भिंत वाकडी असेल तर एका लहान ठोकळ्याला पेन्सिल टेकवून भिंतीवरून फिरवा. फळीवर उमटलेल्या रेघेने तिचा काठ कापा.

दुसऱ्या रांगेची फळी २० ते ३० अंशांत तिरकी धरून जीभ खाचेत घाला, हलकेच पुढे दाबत खाली उतरवा. टोकाची बाजू कंपनीप्रमाणे बदलते, काही वरून दाबली की टक् करून बसतात, काहींना तिरकं करावं लागतं. बसली की सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर ती बसलेली नाही. जोर लावण्याआधी फळी काढून खाच पाहा. दहापैकी नऊ वेळा तिथे भुशाचा कण असतो. हातोडा फळीवर थेट कधीच मारू नका, ठोकळा मध्ये धरा, आणि ठोकळाही जिभेच्या वरच्या बारीक काठावर नव्हे तर पूर्ण काठावर टेकवा. ज्या फळ्या फक्त दाबून बसतात, त्यांच्या टोकावर आडवा हातोडा मारला तर आतली प्लॅस्टिकची पट्टी तुटते.

तीन रांगा झाल्या की थांबा. दोरी ताणून पहिली रांग सरळ आहे का पाहा, टोकं काटकोनात आहेत का गुण्याने पाहा. चूक इथे सुधारायला दहा मिनिटं लागतात. दहाव्या रांगेवर लक्षात आली तर सगळं उलगडावं लागतं.

चौकट, पाइप आणि शेवटची रांग

दाराच्या चौकटीभोवती फळी कोरत बसू नका. फळीचा एक तुकडा अंडरलेच्या तुकड्यावर ठेवून चौकटीला लावा, त्यावर करवत आडवी टेकवा आणि चौकटीचा पाय तेवढा कापा. फळी त्याखाली सरकते आणि मोकळी जागाही झाकली जाते. तिथे फळी तिरकी करायला जागा नसते. मग खाचेचा खालचा वर आलेला ओठ पटाशीने तासून सपाट करा, डी३ प्रतीचा पाणी सहन करणारा लाकडाचा गोंद जिभेला लावा, फळी आडवी सरकवा आणि ओढपट्टीने घट्ट करून गोंद सुकेपर्यंत पाचरीने धरून ठेवा. हा गोंद दोन फळ्यांमध्ये असतो, जमिनीला लागता कामा नये. दार आतल्या बाजूला उघडत असेल तर ८ मिमी फळी आणि २ मिमी अंडरले मिळून जमीन १० मिमी वर येणार आहे, तेवढी दाराखाली जागा आहे का ते आधीच मोजा.

१५ मिमी पाइपाला ३५ मिमीचं भोक पाडा, चारही बाजूंनी १० मिमी मोकळं राहील असं. भोकापासून काठापर्यंत ४५ अंशांत दोन छेद घेऊन पाचरीसारखा तुकडा काढा, फळी बसवा आणि तुकडा गोंद लावून परत ठेवा. वर गोल झाकण येतं.

शेवटच्या रांगेसाठी प्रत्येक फळी वेगळी मोजा, कारण भिंत दर फुटाला वेगळी असते. फळी खाली बसवून ओढपट्टीचं टोक भिंतीकडच्या काठाला अडकवा आणि हलक्या ठोक्यांनी ओढा. मग सगळ्या पाचरी काढा. मोजून काढा, कारण एक राहिली तर त्या जागी जमीन अडते.

स्कर्टिंग भिंतीला लावायचं, लॅमिनेटला कधीच नाही. एकही खिळा फळीत उतरू देऊ नका. दारातल्या पट्टीचे स्क्रू मोकळ्या जागेतून खालच्या लाकडात जायला हवेत. स्वयंपाकघरातली बसती कपाटं, मधला ओटा, भिंतीला आवळलेलं वॉर्डरोब हे सगळं आधी बसवा आणि लॅमिनेट त्यांच्यापर्यंत आणून थांबवा. एका टोकाला जड कपाटाने दाबलेली जमीन दुसऱ्या टोकाला सांधे उघडते. सिंकजवळच्या मोकळ्या जागेत फोमची दोरी घालून वर सिलिकॉन भरा. नुसतं सिलिकॉन खोलवर भरलं तर ती जागाच घट्ट होते. गोंदाची जागा सोडली तर बाकी जमिनीवर लगेच चालता येतं.

बिघाड ओळखताना

मधोमध उंचवटा आला आणि पाय दिला की खाली बसतो, तर जमीन कुठेतरी भिंतीला टेकली आहे. स्कर्टिंग काढा, कुठे अडलं ते पाहा, ऑसिलेटिंग कटरने तिथेच काठ कापून १० मिमी करा. उंचवटा बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप खाली बसतो. भिंतीशी जागा भरपूर दिसली तर चौकटीखाली, पाइपाभोवती आणि दारातल्या पट्टीच्या स्क्रूपाशी शोधा.

टोकांचे सांधे उघडले आणि हवा कोरडी असेल, तर आर्द्रता ४० टक्क्यांवर आणून पाहा. एकाच जागी वारंवार उघडत असतील तर त्याखाली खड्डा आहे किंवा कुलूप तुटलं आहे. फळ्यांचे काठ उचलून ओठासारखे झाले तर पाणी आत गेलं आहे, आणि फुगलेला एचडीएफ परत मूळ जाडीवर येत नाही. फळी बदलावीच लागते. म्हणून ओला पोछा आणि वाफेचा मॉप दोन्ही टाळा. घट्ट पिळलेलं फडकं पुरतं, सांडलेलं पाणी मात्र लगेच टिपायचं.

फळी बदलायला जवळच्या भिंतीपासून तिथपर्यंतच्या रांगा उलगडून क्रमाने मांडून ठेवा आणि प्रत्येकीच्या पाठीवर आकडा लिहा. उरलेल्या दोन-तीन फळ्या आणि खोक्यावरचं बॅचचं लेबल त्यासाठीच जपून ठेवायचं, फळ्या आडव्या, कोरड्या जागी. तीच नक्षी काही वर्षांनी बाजारात मिळेल याची खात्री नसते.